आतला संगणक ओ देईना

दादा मंगळवारी गेला. मी बारामतीत कॉलेजच्या ग्रंथालयात होते. फोन आला. मी रजेचा अर्ज लिहिला आणि इंदापूरची एसटी धरली.

ते १९९९ साल संपलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार, असं वर्तमानपत्रं सांगत होती. दादाच्या संगणकाने तेवढी वाट पाहिली नाही.

दादाचा इंदापुरात बाजारपेठेच्या टोकाला संगणकाचा क्लास होता. एक गाळा, पाच संगणक. वहिनी टायपिंग शिकवायच्या, बाकीचं दादा. कोपऱ्यातला संगणक त्याचा स्वतःचा. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं. परीक्षेला विंडोज लागायचं, म्हणून लिनक्सच्याच आत एका चौकटीत त्याने विंडोजही चालवलं होतं. एका संगणकाच्या पोटात दुसरा. हे कशासाठी, असं विचारलं की तो हसायचा. त्यामुळे ते कशासाठी, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गेलेली वीज आली ती जोरातच आली आणि त्या संगणकाचं नेटवर्कचं कार्ड जळलं. बारामतीच्या हार्डवेअरवाल्याने नवं बसवलं, आकडे तेवढे मी भरले. बाहेरचं लिनक्स बाकीच्या चौघांशी बोलू लागलं. आतलं विंडोज बोलेना. आणि तेराव्यानंतरच्या सोमवारी परीक्षा केंद्राची मान्यता द्यायला पुण्याहून तपासनीस येणार होते. पाचही विंडोज एकमेकांना जोडलेली हवीत, असा नियम होता.

"मॅडम, हे खूळ काढून टाकू," हार्डवेअरवाला मला म्हणाला. "सगळं पुसतो आणि साधं विंडोज टाकतो. तासाभरात चालू."

"पुसायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

"अहो, पण केंद्र गेलं तर?"

"त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय. रविवार संध्याकाळपर्यंत थांबा. नाही जमलं तर पुसा."

वहिनी घरात बसायला तयार नव्हत्या, म्हणून माणसं भेटायला गाळ्यातच यायची. मुलांच्या बाकांवर बसायची, उसासा टाकायची, दादा किती चांगला होता ते सांगायची. मी मान हलवायचे. मग त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे जायचं आणि दुःखापेक्षा त्यांना तिथे जास्त सुचायचं. एकाने संगणकाचं तोंड पूर्वेला करायला सांगितलं. तेही केलं. वायर पुरेना, म्हणून परत फिरवलं.

आमचे चुलते, तात्या, सांगवीहून रोज यायचे. त्यांचं रान कालव्याच्या अगदी शेपटाला. जगातली कुठलीही अडचण त्यांना पाण्याच्या पाळीवरून समजते.

"हे बघ पोरी, मोठा कालवा, मग चारी, मग पोटचारी. तुझं हे आतलं म्हंजी पोटचारी. वरच्यानं दार टाकलं की खालच्यानं बोंबलत बसायचं."

"वरचं दार उघडं आहे, तात्या. बाहेरचा सगळ्यांशी बोलतोय."

"मग त्योच पितोय समदं."

"तात्या, तो पाणी पीत नाही."

"तुला काय ठावं? तू पुस्तकातली."

ते खरं होतं. मी दादाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन बसले होते. पुस्तक म्हणत होतं, आधी संगणकाला स्वतःलाच हाक मारायला सांगा. आतल्याने स्वतःच्या हाकेला लगेच ओ दिली. आता शेजाऱ्याला हाक मारा. उत्तर आलं: जिथे जायचं तिथे पोचता येत नाही. एकाखाली एक, चार ओळींत तेच. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात माझंही तसंच चाललं होतं, त्यामुळे मला त्याच्यात काही बिघाड आहे असं वाटेना.

रविवारी संध्याकाळी हार्डवेअरवाला आला. त्याने सीडी टेबलावर ठेवली आणि चहा घेत बसला. वहिनी त्या सीडीकडे बघत नव्हत्या. मी शेवटचं म्हणून आतला संगणक पुन्हा चालू केला. चालू होताना पडद्यावर एक पाटी यायची, तशी आली. माझं बोट ओके दाबायला गेलं आणि थांबलं. भेळेचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. ही पाटी मात्र नवं कार्ड बसल्यापासून दर वेळी येत होती आणि भेटायला येणाऱ्यांपुढे हलवावी तशी मी तिच्यापुढे मान हलवत होते.

पाटीवर लिहिलं होतं: हा पत्ता दुसऱ्या यंत्राकडे आधीच आहे, म्हणून तुमची जोडणी बंद केली आहे.

जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाला एक आकडा असतो, तो त्याचा पत्ता. बाहेरच्याला दिला तोच मी आतल्यालाही दिला होता. एका घरातल्या दोघांचा पत्ता वेगळा कसा असेल? सांगवीला आमच्या घरात चार चुली आहेत. चौघांची पत्रं आजोबांच्या नावाने येतात, आजोबा जाऊन किती वर्षं झाली तरी. पोस्टमन ओट्यावर टाकतो, ज्याचं त्याने उचलायचं. संगणकांच्या पोस्टमनला ओटा ठाऊक नव्हता.

"म्हणजे तो सांगत होता," वहिनी म्हणाल्या.

"हो. रोज."

मी शेवटचा आकडा बदलला. शेजाऱ्याला हाक मारली. ओ आली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. हार्डवेअरवाल्याने सीडी उचलून पिशवीत टाकली.

"येगळं निघाल्याबिगर भागत न्हाय," तात्या म्हणाले. "मी तेच म्हणत व्हतो." घराची वाटणी होऊ नये म्हणून तात्यांनी अर्धं आयुष्य घालवलं आहे.

सोमवारी तपासनीस आले. पिण्याच्या पाण्याची सोय पाहिली, दारावरची पाटी पाहिली, सही केली. कोपऱ्याकडे ते गेलेच नाहीत. वहिनींनी आपणहून तो संगणक दाखवला.

"छान," ते म्हणाले. "पण काम नसेल तेव्हा बंद ठेवा. बिल येतं."

पुढे काही वर्षांनी तो संगणक मोडीत निघाला. तोवर त्यातलं कोणी काही पुसलं नाही. क्लास चालू आहे, वहिनी चालवतात. रविवारी सुट्टी असते. त्या बारामतीला येतात आणि आम्ही दोघी जेवतो.