एकात्मिकचं आकस्मिक

आमच्या विभागाचं नाव ठरवायला हॉस्पिटलला अख्खा उन्हाळा लागला. 'आयुर्वेद' म्हटलं की हाडांचे डॉक्टर नाक मुरडायचे, 'योग' म्हटलं की फिजिओथेरपीवाल्यांना आपली जागा गेल्यासारखं वाटायचं. शेवटी 'एकात्मिक चिकित्सा विभाग' असं कोणालाच न कळणारं नाव निघालं आणि सगळे खूश झाले. मी वैद्य, म्हणून विभागप्रमुख. हाताखाली मालिश करणाऱ्या दोन मुली आणि एक योगशिक्षिका. जागा कॅज्युअल्टीला लागून, पूर्वी मोडक्या व्हीलचेअर ठेवायचे ती.

मोठे डॉक्टर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. सर्जन. माणूस वाईट नाही, पण तिळाच्या तेलाचा वास आला की जिन्यातूनच शिंकायचे. मुद्दाम शिंकतात, अशी माझी खात्री होती.

"वैद्यबाई, दिवाळीपर्यंत देणगीदार शोधा," ते एकदा हसत म्हणाले. "नाहीतर तिथे मला डायलिसिसची मशीनं टाकायची आहेत."

हसत सांगितलेलं ते करतातच. म्हणजे विभाग बंद, मुली घरी, आणि मी पुन्हा डोंबिवलीत आमच्या घराच्या बंदिस्त गॅलरीतल्या दवाखान्यात. मला खरंच धडकी भरली.

खूप हिंडल्यावर शीळफाट्याकडचे एक शेठ मिळाले. वाडवडिलांची भातशेती, आता तिथे टॉवर. "आदी बगीन, मंगच देईन," म्हणाले. ते येणार म्हणून मी फ्लेक्सवाल्याला फोनवर नवा बोर्ड सांगितला.

बोर्ड नेमका त्याच सकाळी आला. वॉर्डबॉयने तो लावला, मी आत पेशंट बघत होते. थोड्या वेळाने बाहेर गलका ऐकू आला. बाइकवरून घसरलेला तरुण, विळीवर बोट कापलेली बाई, नाकात चणा घातलेलं पोर आणि त्याची रडणारी आजी. सगळे आमच्या दारात. मी वर बघितलं. लालभडक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'आकस्मिक चिकित्सा विभाग'.

मी तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

"मॅडम, तुम्ही घाईत चुकीचा शब्द बोललेल्या," तो म्हणाला. "एकात्मिक असं हॉस्पिटलात काय नसतं. मी करेक्ट केला. त्याचे एक्स्ट्रा नाय लावले."

पेशंट लगेच शेजारी कॅज्युअल्टीत पाठवले. नातेवाईक मात्र मागे राहिले, कारण तिकडे बसायला जागाच नव्हती. ते आमच्या बाकावर येऊन बसले. माझ्या मुलींनी न सांगता पाणी दिलं. योगशिक्षिकेने आजीचा हात हातात घेऊन तिला सावकाश श्वास घ्यायला लावलं.

आणि नेमके तेव्हाच शेठ आले. मागे मोठे डॉक्टर.

"आयला! येवढी गर्दी?" शेठ म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या दिवशी ते शिंकले नाहीत. मी नुसती मान डोलावली असती तरी काम झालं असतं. पण मग मोठ्या डॉक्टरांनी मला ते जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून मी फ्लेक्सवाल्यासकट सगळं खरं सांगून टाकलं.

शेठ इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते धप्पकन बाकावर बसले. त्यांना बसलेलं आणि डोळे पुसताना बघून आतून आलेल्या आमच्या एका मुलीचा गैरसमज झाला. तिने त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"काका, घाबरू नका. डॉक्टर बघतायत. आत कोण आहे तुमचं?"

शेठचं हसू थांबलं. ग्लास हातातच राहिला.

"आता कोन नाय," ते म्हणाले. "माझी बायको व्हती. दुसऱ्या हॉस्पिटलात. ती आत, न मी रातभर भिंतीला धरून उभा. बस म्हनून पन कोनी बोललं नाय."

मोठे डॉक्टर खाली बघत होते. शेठनी पाणी पिऊन टाकलं आणि ग्लास मुलीला परत दिला.

"डाक्टर, पैसे देतो," ते म्हणाले. "पन ही पोरगी हतंच रायला पायजे."

दुसऱ्याच दिवशी बरोबर शब्दाचा बोर्ड लागला. दिवाळी गेली, विभाग जागेवरच आहे. मोठे डॉक्टर तेलाच्या वासाला अजून शिंकतात. पण कॅज्युअल्टीबाहेर कोणी एकटं उभं दिसलं, की तेच इंटरकॉमवरून मला फोन करतात.

"वैद्यबाई, एक आकस्मिक आहे. पाणी घेऊन पाठवा कोणाला तरी."