छुईचं पांढरं

"हे काय लावून राहिली कागदाले?"

सरांनी माझं चित्र दोन बोटांत धरून वर्गासमोर उंच केलं. सुकलेला पांढरा थर पोपडे धरून त्यांच्या शर्टावर गळला.

"छुई, सर."

"अरे बापा! चित्र काढलं का घर पोतलं?"

सगळे हसले. माझ्या शेजारी बसणारीही.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. दर शनिवारी सर जलरंग शिकवायचे. गॅदरिंगच्या प्रदर्शनात माझं एक चित्र लागावं, मायला ते दाखवावं, एवढंच मनात होतं.

आम्ही कॉलेजच्या गच्चीवरून शहर काढत होतो. कागद ओला करायचा, रंग वाहू द्यायचा. कौलं मोजायची नाहीत, खिडक्या काढायच्या नाहीत. ते मला जमलं. खांब तलावाकडची घरं एकमेकांत विरघळली, तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. पण सर म्हणाले होते, उन्हातली भिंत कोरी सोडा, कागदाचा पांढरा तोच आपला पांढरा. हात ऐकेना. माझी माय लोकांची घरं छुईनं, म्हणजे पांढऱ्या मातीनं पोतते, रंगवून देते. लहानपणापासून मी तिच्यासोबत. एक कोपरा राहिला तरी ती म्हणायची, "कोरी भिंत सुतकाच्या घरची असते, बाई. सोडू नको." म्हणून मी गावाहून छुईचा खडा आणला, भिजवला आणि चित्रातल्या एकेका भिंतीला लावला. चुकलंच होतं. पण मनापासून चुकलं होतं.

सर आमच्याच गावचे, मोठ्या घरचे. माय त्यांच्याकडे मागच्या दारानं जायची.

"कौसाबाईची पोरगी ना तू?" ते म्हणाले. "मग बरोबर आहे. प्रदर्शनाच्या हॉलची भिंत खराब झाली. छुईची बादली ठेवली आहे तिथं. जा, पोत. तुह्या हाताचं काम तेच."

मी गेले. हे लिहितानाही लाज वाटते, पण गेले. चित्रासाठी गेले. पोतेरं बुडवलं, हातभर भिंत ओली केली. सर दारात उभे होते.

मी विचारलं, "सर, माझं चित्र लागेल का?"

"चित्र कशाले? भिंत तर लागली ना तुही! लोक तीच पाहतील."

मी पोतेरं बादलीत टाकलं.

"मी नाही पोतत."

"मग शनिवारी यायचं नाही."

"नाही येत."

वर्गात जाऊन सरांच्या टेबलावरचं चित्र उचललं आणि निघाले. तलावाच्या पायरीवर बसून रडले. ब्रश वर्गाचा, रंग वर्गाचे. शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. दिवाळीआधी माय पुन्हा सरांच्या घरी पोतायला जाणार होती. तिला काय सांगू, कळत नव्हतं. अजून सांगितलेलं नाही.

पण बाकीची भिंत मी कोरी सोडून आले. मायनं कधीच सोडली नसती. त्या पायरीवरच मी ठरवलं: यापुढं सरांच्या घरची सोडेन, कॉलेजची सोडेन, ज्याला पोतायची त्यानं आपल्या हातानं पोतावी. शहर मी पुन्हा काढणार. त्यात पांढरं कुठं सोडायचं, ते मी ठरवणार.