एकोणीस नावांचा अर्ज

आणीबाणीच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका सरळमार्गी माणसाला तुरुंगात धाडलं. नुसत्या अक्षराच्या जोरावर. माझं अक्षर तेव्हा फार देखणं होतं आणि त्याचा मला माजही होता.

तासगावच्या एका छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करायचो. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरा-नवरीला बोटभर जागा, आणि खाली भावकीची सगळी पलटण. चुलते, मामे, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, वारलेली माणसंसुद्धा. नाव घालताना कुणाला विचारायची पद्धत नाही. नाव राहिलं, तर मात्र तो स्वतःच विचारायला येतो, आणि वर्षभर बोलत नाही.

त्या श्रावणात आमच्या गावच्या मास्तरांना पोलीस घेऊन गेले. कशासाठी, कुठं, काही कळलं नाही. मास्तरीणबाई कचेरीचे उंबरे झिजवून आल्या. सगळीकडं एकच उत्तर: सांगता येत नाही. बाईंना एक गोष्ट सारखी खात होती. जाताना मास्तरांच्या चष्म्याची काडी तुटलेली होती. मला म्हणायच्या, "चष्म्याबिगर त्यांना स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही हो, भाऊजी."

शेवटी बाईंनी ठरवलं, कचेरीपुढं तासभर गप बसायचं. मास्तरांना सोडा असंही म्हणायचं नाही, कुठं ठेवलंय तेवढं सांगा. पाच माणसं जमायला बंदी होती. बाई म्हणाल्या, "हुकूम पाचांचा आहे ना? मग आपण चौघंच बसू. हुकूमही मोडणार नाही आणि बसणंही होईल." चौघं म्हणजे बाई, त्यांचा भाऊ, गावचा शिंपी आणि मी. चोरून काही करायचं नाही म्हणून पोलिसांना आधी अर्ज द्यायचा. अर्ज लिहायला अर्थात मी.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हे अजिबात पसंत नव्हतं.

"देशाला शिस्त पायजे रं," पारावर बसून ते म्हणाले. "संप काय, मोर्चे काय, जाळपोळ काय! आता बघ, येष्टी टायमावर येतीया."

"आवं तात्या, गप बसणाऱ्या माणसानं काय जाळलंय?" मी म्हटलं.

"गप बसायचं तर घरात बस की! कचेरीफुडं कशाला? आन् मास्तरानं कायतरी केलं असंल, त्याबिगर नेतंय व्हय कुणी?"

त्या दुपारी मी अर्ज लिहिला. मजकूर झकास झाला. खाली चार नावं घातली आणि कागद लांब धरून बघितला. फुलस्केपच्या तळाशी चार नावं! कार्याला कुणी फिरकलंच नाही, असं दिसत होतं. हाताची सवय आड आली. वडीलधारे म्हणून तात्यांचं नाव सगळ्यात वर घातलं, पुढं 'निवृत्त सुभेदार'. तात्या आले तर भावकीतली थोरली पाती रुसेल, म्हणून ती आली. मग सरपंच. मग चेअरमन. गेल्या साली वारलेले एक सज्जन, त्यांना तरी का वगळा? एकोणीस नावं झाल्यावर कागद भरला आणि माझं मनही. बाईंना न दाखवताच सायकल हाणत जाऊन ठाण्यात अर्ज देऊन आलो.

चौघांचं बसणं हुकमात बसत होतं. एकोणिसांचं बसत नव्हतं. हे एवढं साधं गणित माझ्या डोक्यात आलंच नाही.

दोन दिवसांनी सकाळी शिंपी धापा टाकत छापखान्यात आला. "गड्या, तुझ्या तात्याला नेलं! बागंतनं! डोक्याला मुंडासंबी बांधू दिलं न्हाई!"

माझ्या हातातली खिळ्यांची पट्टी खाली पडली. "का?"

"मला इचारतोस व्हय? यादीत पयलं नाव हाय त्येंचं. आन् वारल्यालं मानूस हाय ना, त्येच्या बायकूला पोलीस म्हनला, मालकांना हजर करा. ती म्हनली, तुमीच जावा की वर आणायला."

दुसरी वेळ असती तर मी हसून लोळलो असतो. सायकलवर टांग मारली. ठाण्यावर पोचलो तर व्हरांड्यात सरपंचांसकट सातजण ओळीनं बसवलेले. सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की पोलीस बरे वाटले. मास्तरीणबाई आणि त्यांचा भाऊ कोपऱ्यात उभे होते. बाई माझ्याकडं बघतही नव्हत्या.

आत फौजदार तात्यांशी अदबीनं बोलत होते. "सुभेदारसाहेब, तुम्ही असलं काही करणार नाही, हे मला ठाऊक आहे. न विचारता नाव घातलं, एवढं लिहून द्या आणि घरी जा. ज्यानं अर्ज लिहिला त्याचं आम्ही बघतो."

ज्यानं लिहिला तो दारात उभा होता. 'मीच तो,' असं म्हणायला मी तोंड उघडलं. उभ्या गावाला बोलून हैराण करणारा मी, नेमका तेव्हा मुका झालो.

तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग चष्मा लावला आणि अर्ज मागून घेतला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला.

"मास्तर कुठं हाईत, सायेब?"

"ते सांगता येत नाही."

"ठावं न्हाई, का सांगायचं न्हाई?"

"वरून हुकूम आहे. सुरक्षेची बाब आहे."

तात्यांनी अर्जावरचं बोट काढलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. थोबाडीत बसल्यासारखा.

"सुरक्षा आमीबी केली की, सायेब. लढाईत शत्रूचा मानूस धरला, तर त्येचं नावगाव लिहून कळवत हुतो आमी. वैरी असला तरी त्येच्या घरी कळायचं, जित्ता हाय म्हणून. आन् हितं आमच्या शाळंचा मास्तर…" त्यांनी हात पुढं केला. "पेन द्या."

फौजदारांनी हायसं वाटून पेन दिलं. तात्यांनी अर्जावरच, स्वतःच्या नावापुढं, ठसठशीत सही केली.

"माझंच नाव हाय. इचारून घातलंय. बाकीच्यांना सोडा."

संध्याकाळपर्यंत दम भरून आम्हा सगळ्यांना सोडलं. तात्यांना सांगलीला नेलं. तिथून पुढं कुठं, ते कुणी सांगेना. आता मास्तरीणबाईंच्या जोडीला माझी काकीही कचेरीत बाकावर बसू लागली. दोघीच होत्या, त्यामुळं हुकूम मोडत नव्हता. काकीला सगळं खरं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हात झडला न्हाई तुझा?" आणि तिनं मला भाकरी वाढली. ती भाकरी गिळताना काय हाल झाले!

दीड महिन्यानं पोस्टकार्ड आलं. ठिकाणाचा पत्ता नाही. काकीनं मास्तरीणबाईंना बोलावून घेतलं आणि मला वाचायला बसवलं. तात्यांनी आयुष्यभर सीमेवरून पत्रं धाडलेली. मधे पत्रं तपासणारा साहेब काय खोडतो आणि काय सोडतो, त्यांना नेमकं माहीत.

'तब्येत चांगली आहे. बागेची छाटणी वेळेवर करा. त्या गाढवाला परत अर्ज लिहायला बसवू नका. इथं शेजारी एकजण चांगला भेटला. त्याच्या चष्म्याची काडी मोडली होती, ती मी दोऱ्यानं बांधून दिली. आता त्याला वाचता येतं. मला इंग्रजी शिकवतो.'

मास्तरीणबाईंनी पदर तोंडावर धरला. मग म्हणाल्या, "भाऊजी, चष्म्याचं परत वाचा."

मी वाचलं.

"परत."