हार घातलेला फोटो

औशाच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी मंजुश्री जन्माची भित्री. कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं भराभर धावायची, तेवढ्यानंही ती खुर्ची मागं सरकवायची. म्हणून तिनं ती झाकायला एक चित्र बसवलं: शाळा काढणारे महादेवप्पा, सगळ्यांचे अप्पा, आणि खाली गोल फिरणारे ठिपके. फोटो मागच्याच महिन्यातल्या सत्काराचा. काळ्या पडद्यावर अप्पांच्या गळ्यातला झेंडूचा हार असा काही खुलला, की बाई स्वतःवरच खूश!

दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरच्या दवाखान्यात अप्पांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेलं. इकडे शाळा उघडल्यावर शिपाई श्रीमंतनं पहिला कॉम्प्युटर चालू केला. फोटोला हार म्हणजे माणूस गेला, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यानं टोपी काढली आणि शाळा सुटल्याची घंटा दिली.

मंजुश्री पोचली तर मैदान रिकामं, फाटकाशी एकटा श्रीमंत.

"अप्पा गेले की वो म्याडम! कॉम्प्युटरवरच आलंय!"

तो आपणच बसवलेला फोटो, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. नोकरीचं भ्या होतंच. पण त्याहून मोठं भ्या वेगळं होतं. आपल्या हातानं आपण जित्या माणसाला भिंतीवरचा हार घातला. आता तसंच झालं तर?

ती धावतच अप्पांच्या घरी गेली. बायका जमल्या होत्या. मधे अप्पांच्या पत्नी कमलम्मा. हातातला मोबाईल वाजत होता, पडद्यावर दवाखान्यात अप्पांसोबत गेलेल्या नातवाचं, वीरेशचं नाव, आणि त्या नुसत्या बघत होत्या.

मंजुश्रीनं पायच धरले. "आजी, त्यो फोटो म्या टाकलाय. सत्काराचा हाय. मला काईच म्हाईत न्हाई."

"मग फोन तूच उचल," कमलम्मा म्हणाल्या.

बोट दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा वीरेशचा आवाज आला, "ऑपरेशन झालं, आजी. अप्पा बरे हायत."

दोन महिन्यांनी अप्पा शाळेत आले, हट्टानं तो फोटो उघडायला लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"लई झकास हाय. जपून ठेव पोरी, पुढं लागंल."

सगळे हसले. मंजुश्रीला हसू आलं नाही.

आता सुरुवातीला शाळेच्या इमारतीचं चित्र येतं. अप्पांचा फोटो तिच्या पेनड्राइव्हमध्ये आहे. तो उघडायला तिचा हात धजत नाही, आणि पुसून टाकायला तर त्याहून नाही.