एकोणचाळीस तुकडे

बस डेपोत त्यांना सगळे स्पीकरबाई म्हणत. बावीस वर्षं गाड्यांचे नंबर पुकारून गळा असा तयार झाला होता की झोपेतसुद्धा बाई फलाट चुकल्या नसत्या. गेल्या वर्षी गळ्यातली गाठ काढली आणि दोन्ही स्वरतंतू लुळे पडून मधोमध अडकून बसले. गंमत बघा, आवाज ठणठणीत राहिला आणि कोंडला तो श्वास. दोन जिने चढल्या की गळ्यातून शिट्टी वाजायची.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "लेझरने एका तंतूचा मागचा भाग कापून वाट मोकळी करू. श्वास मिळेल. आवाज मात्र पूर्वीचा राहणार नाही."

डेपोची बाईंना काळजी नव्हती. तिथे त्यांचा आवाज संगणकात तुकड्यातुकड्यांनी भरून ठेवलेला होता. आकडे वेगळे, गावं वेगळी, फलाट वेगळे. जोडले की झाली घोषणा. काळजी होती आईची. म्हातारीला दिसत नव्हतं, लेकीला ती आवाजावरूनच ओळखायची. तिला सरळ खरं सांगून टाकावं की नाही? पण आई घाबरेल म्हणून बाईंनी घरातही डेपोच काढला. ‘आई, मी आले’, ‘गोळी घे’, ‘मी आहे ना’, असे एकोणचाळीस तुकडे फोनमध्ये भरले. इथेच त्यांचं चुकलं.

ऑपरेशन झालं. न थांबता जिना चढल्या त्या दिवशी बाईंना रडूच आलं. बोलायला गेलं की मात्र नुसती फुसफुस. महिनाभर तुकड्यांवर निभावलं. आई खूश होती. "हल्ली कशी मोजकं बोलतेस," म्हणायची.

एका दुपारी फोन बंद पडला. बाईंनी आईचा हात धरला आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाल्या, "आई, मीच आहे." आईने त्यांची बोटं चाचपली, मग नखं चाचपली. ओळखलं बहुतेक, असं बाईंना वाटलं. त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ‘आई, मी आले’ वाजताच म्हातारी हळूच म्हणाली, "दार लाव आधी. घरात एक बाई येते गं. तू नसलीस की येते. हात अगदी तुझ्यासारखे केलेत तिने. आवाज तेवढा जमला नाही."

एकोणचाळिसांत याला उत्तर नव्हतं. त्यांनी ‘मी आहे ना’ लावलं.

"मग घालव तिला. आत्ता. ती जाताना मला ऐकू दे."

बाई उठल्या. चपला वाजवत दारापर्यंत गेल्या, दार उघडलं, धाडकन लावलं आणि आतच उभ्या राहिल्या. आई कान देऊन ऐकत होती.

"गेली का गं?"

बाईंनी श्वास रोखून धरला आणि ‘हो आई’ लावलं.