सक्तीच्या सुट्टीतला फोन

मावशी उंच टाचांचे बूट काढून पिशवीत कोंबत होती आणि बँकेचा सिक्युरिटीवाला शेजारी उभा राहून फरशीकडे बघत होता. हाच माणूस तिला रोज सलाम ठोकायचा. आज त्याला तिची पर्स तपासायला लावलं होतं.

"नीट बघ रे," मावशी त्याला म्हणाली. "तुझी तरी नोकरी राहू दे."

तिचा फोन आला तशी मी गॅरेजमधून उठून आले होते, हात ऑइलने काळे. ही बाई काउंटरवर लागली आणि बड्या श्रीमंतांचे पैसे सांभाळणाऱ्या विभागाची प्रमुख झाली. मला शाळेने सोडलं की मी शाळेला, यावर घरात अजून भांडणं होतात. मावशीने मात्र कधी एक टोमणा मारला नाही. तिला कोणी बोललं की माझं डोकं फिरतं.

तिच्या कामात आकडे कमी, माणसं जास्त. कुठले दोन भाऊ एका खोलीत बसत नाहीत, कोणाला कागद मोठ्या अक्षरात लागतात, सगळं तिच्या डोक्यात. खातेदार गेला की ती मयताला मागे उभी. कोणी तिथेच पैशांचं काढलं तर म्हणायची, "आज नाही. आज रडून घ्या."

त्यांच्या बँकेत दरवर्षी दोन आठवडे सक्तीची सुट्टी असते. कार्ड बंद, मेल बंद, खातेदारांशी बोलायचं नाही. तुमच्या खुर्चीत दुसरा बसतो, म्हणजे तुम्ही काही लपवलं असेल तर बाहेर पडतं. मावशीचं कधीच काही निघालं नाही. उलट सुट्टीत तिला घर खायला उठायचं. म्हणून मागच्या आठवड्यात ती माझ्या गॅरेजमध्ये येऊन कार्ब्युरेटर साफ करत बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. तिची जुनी खातेदार, मावशी त्यांना आजी म्हणायची.

फोन स्पीकरवर होता. "मुलगा म्हणतोय सगळं माझ्या नावावर कर. उद्या सही आहे. करू का गं?"

"ठेव फोन," मी कुजबुजले. "सुट्टीवर आहेस ना तू."

मावशीने फडक्याला हात पुसले. "आजी, सही करू नका. मी येईपर्यंत थांबा."

बस, एवढंच. एवढ्यावर नोकरी गेली.

गाडीत तिला सीटबेल्ट लागेना. मी लावून दिला.

"त्या मुलानेच तक्रार केली ना? थोबाड फोडते त्याचं."

"तू गप गाडी चालव."

"अगं, पण एका फोनसाठी?"

"हा नियम नव्या पोरांना मीच शिकवायचे." तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "केबिनमध्ये साहेबांनी विचारलं, पुन्हा असा फोन आला तर? नाही उचलणार म्हटलं असतं, तर ताकीद देऊन सोडणार होते."

"मग काय म्हणालीस?"

"उचलेन म्हटलं."

मला तिचा राग आला, खोटं कशाला सांगू. दोन शब्दांचं तर काम होतं.

काही दिवसांनी तो सिक्युरिटीवाला बाईक घेऊन माझ्याकडे आला. त्या दिवशी त्याला केबिनच्या दारात उभं केलं होतं. तो म्हणाला, मुलगा वर आलाच नाही, खाली गाडीत बसून होता. तक्रार आजींनी स्वतः केली. साहेबांनी तो प्रश्न विचारला तेव्हा आजी त्याच टेबलाशी, मावशीच्या समोर बसल्या होत्या.