चुकीच्या वर्गात दहा मंगळवार

मला स्पॅनिश शिकायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. मला इंग्रजी बोलायचं होतं.

ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला माझं मास्टर्स चालू होतं. लॉकडाऊनमुळे सगळी युनिव्हर्सिटी माझ्या खोलीतल्या टेबलावर येऊन बसली होती. पोलादाच्या कारखान्यातून निघणारा स्लॅग, म्हणजे धातूचा टाकाऊ मळ, सिमेंटमध्ये कसा वापरता येईल, असा माझा प्रोजेक्ट. त्याचं प्रेझेंटेशन झूमवर झालं. पाठ केलेलं सगळं मी पंधरा मिनिटं नीट बोललो. मग परीक्षकांनी एक प्रश्न विचारला. तो मला अजिबात कळला नाही.

मी म्हणालो, "येस सर."

ते म्हणाले, "येस, व्हॉट?"

"येस सर," मी पुन्हा म्हणालो.

तीन महिन्यांनी परत प्रेझेंटेशन द्यायचं ठरलं. तेही बिघडलं तर प्रोजेक्ट नापास, म्हणजे डिग्रीच नाही. घरी मी हे सांगितलं नाही. आमच्याकडे कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडिलांना हे सगळं समजावण्यापेक्षा "चाललंय नीट" म्हणणं सोपं होतं.

वडील पंचायत समितीत शिपाई होते. साहेबांनी सांगितलेलं कळलं नाही तरी "होय साहेब" म्हणून बाहेर यायचं आणि अंदाजाने फाइल न्यायची, ही त्यांची पद्धत. चुकीची निघाली की बोलणी खायची आणि दुसरी न्यायची. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ चुकीच्या फाइली नेल्या, पण साहेबांना परत विचारलं नाही. हे ते अभिमानाने सांगत. माझं सगळं शिक्षण याच पद्धतीने झालं होतं आणि तोवर ते बरं चाललं होतं.

माझा रूममेट पुण्याचा, घरूनच आयटीचं काम करणारा. त्यानेच शोधून काढलं की इथल्या एका कम्युनिटी सेंटरचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग आता झूमवर भरतात, दर मंगळवारी संध्याकाळी. मी नाव नोंदवलं. ईमेलमध्ये एकीखाली एक अशा दोन लिंक आल्या. मी खालची दाबली.

पडद्यावर एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि तिघे विद्यार्थी होते. बाई "ओला" म्हणाल्या. मी म्हणालो, "गुड इव्हनिंग मॅडम, आय वॉन्ट टू इम्प्रूव्ह माय इंग्लिश." त्या हसल्या, माझं नाव लिहून घेतलं आणि पुढे बोलू लागल्या. ही काहीतरी सुरुवातीची गंमत असेल, असं समजून मी वीस मिनिटं वाट पाहिली. त्यानंतर मात्र हा स्पॅनिशचा वर्ग आहे याबद्दल शंका उरली नाही.

बाहेर पडायचं बटण समोर होतं, लाल रंगाचं. पण आम्ही विद्यार्थी अवघे चार. भरल्या पंगतीतून उठून जावं तसं ते दिसलं असतं. मी बसून राहिलो.

"अरे, मग मेल टाक ना," रूममेट म्हणाला. "चुकून आलो म्हण. त्या नो वरीज म्हणतील आणि विषय संपेल."

"पुढच्या आठवड्यात सांगतो."

"तू ना, चुकून कुणाच्या लग्नात शिरलास तर आहेर करून येशील."

पुढच्या आठवड्यात बाईंनी मला गृहपाठ वाचायला सांगितला. मी तो केलेला होता. न करता जाणं बरं दिसलं नसतं. त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

बाई मूळच्या चिलीच्या. तरुणपणी नवऱ्याच्या मागोमाग इथे आल्या. तो इथल्याच पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात होता. म्हणजे मी ज्याच्यावर प्रोजेक्ट करत होतो, तो स्लॅग त्याने आयुष्यभर जवळून पाहिला असणार. त्यांची शिकवायची रीत विचित्र होती. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन वाक्यं पाठ करून घेतली. नो एन्तिएन्दो, म्हणजे मला कळलं नाही. ओत्रा वेस, पोर फावोर, म्हणजे पुन्हा एकदा, कृपा करून. मग त्या मुद्दाम भराभर बोलत. आम्ही त्यांना थांबवायचं. वर्गात एक निवृत्त ट्रेन ड्रायव्हर होते. ते दर अर्ध्या मिनिटाला बाईंना थांबवत आणि वर खूश दिसत. मी मान डोलवत असे.

तिसऱ्या मंगळवारी त्या मध्येच इंग्रजीत मला म्हणाल्या, "तू मान हलवतोस. काय कळलं, सांग बघू."

"काही नाही."

"मग मला थांबव ना. मी काय बस आहे, निघून जायला?"

त्या दिवशी मी त्यांना सात वेळा थांबवलं. पहिल्या वेळी कान तापले. सातव्या वेळी नाही. दर वेळी त्यांनी तेच वाक्य थोडं सोपं करून सांगितलं. सतरा वर्षं शाळा-कॉलेजात काढली, पण न कळलेलं परत विचारणं हे दोन वाक्यांत होण्यासारखं काम आहे, हे मला वॉलॉंगॉंगमध्ये, चुकीच्या वर्गात समजलं.

नवव्या आठवड्यात प्रेझेंटेशन झालं. परीक्षक तेच होते आणि त्यांचा प्रश्नही मला पहिल्यासारखाच कळला नाही. तोंडात "येस" आलं होतं. मनात आधी स्पॅनिश उमटलं, मग मी त्याचं इंग्रजी केलं. "सॉरी, मला कळलं नाही. पुन्हा सांगता का?"

"शुअर," ते म्हणाले आणि सावकाश सांगितलं. साधा प्रश्न होता. स्लॅग दळायला किती वेळ लागतो, एवढाच. मी उत्तर दिलं.

दहाव्या मंगळवारी सगळे गेल्यावर मी थांबलो आणि बाईंना खरं काय ते सांगितलं.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू इंग्रजी सुधारायला आलो म्हणालास की."

"मग बोलला का नाहीत?"

"चारपेक्षा कमी विद्यार्थी असले की सेंटर वर्ग बंद करतं. नवरा गेल्यापासून माझ्याशी स्पॅनिश बोलायला मंगळवार सोडून कोणी नाही. दर आठवड्याला वाटायचं, सांगावं. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात."

दहा आठवड्यांत मी पाव मागायला आणि माझा भाऊ उंच आहे असं सांगायला शिकलो होतो. मला भाऊ नाही.

पास झाल्याचा निकाल लागल्यावर रविवारी घरी फोन केला आणि पहिल्या प्रेझेंटेशनपासून सगळं वडिलांना सांगितलं. पहिल्या वेळचं "येस सर" त्यांना लगेच पटलं. दुसऱ्या वेळचं सांगताना मात्र त्यांनी मला अडवलं.

"थांब. सायबाला परत विचारलंस?"

"हो."

"तोंडावर?"

"हो."

"मग?"

"मग त्यांनी परत सांगितलं."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"नुसतं सांगितलं?" ते हळूच म्हणाले. "असं चालतं व्हय."